डिझायनरला आधी पाऊस दाखवा : कोकणातलं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्यानं करताना

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. भिंती चिऱ्याच्या, वर कौलं, मागे आगर. पहिल्यांदा स्वयंपाकघर नव्यानं केलं तेव्हा आम्ही मुंबईत राहायचो. तिथल्याच एका डिझायनरला मापं आणि फोटो पाठवले आणि एप्रिलमध्ये त्याची माणसं येऊन सगळं बसवून गेली. सासूबाई हरखून गेल्या होत्या. गणपतीला गेलो तर सिंकखालच्या कपाटाचं दार फुगून लागेना, पश्चिमेच्या भिंतीवरची कॅबिनेट मागून काळी पडलेली, आणि आतल्या डब्यातले पोहे सादळलेले. त्या माणसाला काम येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यानं आमचं घर फक्त उन्हाळ्यात पाहिलं होतं, आणि तेही फोटोत.

काही वर्षांनी पुन्हा सगळं काढलं, न्हाणीघरासकट. या वेळी चिपळूणच्या एका डिझायनर ताईंना बोलावलं, ते भर जुलैत. त्या दुसऱ्या कामातून जे शिकले ते, पहिल्यांदाच डिझायनरकडे जाणाऱ्यांसाठी, क्रमानं लिहिते आहे.

पहिली भेट पावसात

कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, त्यामुळे झड ठरावीक भिंतींनाच बसते. कुठली भिंत ओली होते, पागोळ्यांचं पाणी कुठे साचतं, मागच्या पडवीत कितपत आत येतं, हे मे महिन्यात कुणालाच दिसत नाही. जुलैत दारात पाऊल टाकलं की दिसतं. आमच्या ताईंनी पहिल्या भेटीत टेप काढलीच नाही. त्या भिंतींना तळवा लावत फिरल्या आणि ओल जिथे संपते तिथे खडूनं रेघ मारत गेल्या. पश्चिमेच्या भिंतीवर ती रेघ माझ्या खांद्यापर्यंत आली. पुढचा सगळा नकाशा त्या रेघेवरून ठरला. त्या भिंतीवर एकही कॅबिनेट नको, तिथे खिडकी आणि उघडी मांडणी. चिमणीचं धुराडंही त्या बाजूला काढायचं नाही, नाहीतर झडीचं पाणी धुराड्यातून थेट गॅसवर.

वेळापत्रकही यातूनच निघतं. जुलैत भेट. गणपतीत सगळे भाऊबंद घरी असतात, तेव्हा निर्णय आणि संमती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नकाशे आणि कोटेशनं. दिवाळी झाली की तोडफोड. शिमग्याला गावातले कामगार आठ-दहा दिवस मिळत नाहीत आणि बाहेरून आलेले सुतार होळीला आपापल्या गावी जातात, म्हणून ओलीचं सगळं काम, म्हणजे गवंडी, प्लंबर, फरशी, त्याआधी उरकायचं. एप्रिल-मे धरूच नका. आंब्याच्या दिवसांत माणूसही मिळत नाही आणि टेंपोही. कपाटं कोल्हापुरात किंवा पुण्यात बनणार असतील तर ती घाट उतरून येणार. ती पावसाआधीच उतरवून घ्या. ओलं प्लाय आलं तर ते परत कसं पाठवणार?

कोणाला बोलवायचं

‘आर्किटेक्ट’ ही पदवी 1972च्या कायद्यानं संरक्षित आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ती लावता येते, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. इंटिरिअर डिझायनरला मात्र अशी सक्तीची नोंदणी नाही. कुणीही पाटी लावू शकतं, म्हणून त्याची पारख तुम्हालाच करायची. माझ्या मते एकच कसोटी पुरे : किमान दोन पावसाळे काढलेलं, समुद्राकाठचं किंवा खाडीकाठचं त्यांचं एखादं काम प्रत्यक्ष बघायला मागा. जाऊन सिंकखालचं कपाट उघडा, बिजागऱ्या बघा, वास घ्या. त्या घरातल्या बाईंना विचारा, काय बदलावंसं वाटतं? फोटोंच्या अल्बमपेक्षा हे दहा मिनिटांचं काम जास्त सांगून जातं.

भिंत पाडायची असेल, कौलं काढून स्लॅब टाकायचा असेल तर आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच. जुन्या चिऱ्याच्या घरात वरचा सगळा भार भिंतीच पेलतात. पार्टिशन समजून तिला हात घालू नका. आणि घर सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची संमती तोडफोडीआधी, लेखी. ग्रामपंचायतीत घर कुणाच्या नावावर लागलेलं आहे आणि बाहेरून बदल करायला काय लागेल, हेही त्याच फेरीत विचारून घ्या. आमच्याकडे न्हाणीघराची एक भिंत चुलत सासऱ्यांच्या पडवीला लागून होती. गणपतीत चहा घेता घेता पाच मिनिटांत त्यांचा होकार मिळाला. तोच विषय डिसेंबरात हातोडा पडल्यावर निघाला असता तर काम महिनाभर अडलं असतं.

डिझायनरला तुमचा दिवस दाखवा

लोक डिझायनरला टाइल्सचे रंग दाखवतात. त्याआधी हातांची कामं दाखवायला हवीत. ताईंनी सासूबाईंना विचारलं, “आई, तुम्ही नारळ कुठे खवता?”

“कुठे म्हणजे? खाली बसून, विळीवर. उभ्यानं का नारळ खवतात?”

मुंबईच्या डिझायनरच्या पहिल्या नकाशात जमिनीवर बसायला जागाच नव्हती. सगळीकडे कपाटं, मध्ये चालायला तीन फूट. सासूबाई तेव्हापासून पडवीच्या दारात, येण्याजाण्याच्या वाटेत विळी मांडून बसत होत्या. ताईंच्या नकाशात खिडकीखालचा चार फुटांचा कोपरा मोकळा सोडला, तिथे तीन इंच उंचीचा, धुता येईल असा कट्टा केला आणि हाताशी येईल अशा उंचीवर विळी टांगायला खुंटी. पूर्ण कामात सगळ्यात स्वस्त गोष्ट ती, आणि सगळ्यात जास्त वापरली जाते तीही.

असंच मासळीचं. मासे घरातल्या सिंकमध्ये साफ केले की खवले पाइपात अडकतात आणि वास दोन दिवस जात नाही. मागच्या दारी, पागोळीच्या आत, दगडी मोरी आणि नळ द्यायला सांगा. फणस फोडायलाही तीच जागा कामी येते, चीक घरात येत नाही. तिथेच एक चूल ठेवा. 3 जून 2020ला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, त्यानंतर रायगडच्या दक्षिण भागात आणि मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वीज नसताना स्वयंपाक होईल का, पाणी विहिरीवरून आत आणता येईल का, खिडकीच्या उजेडात ओट्यावर दिसेल का, हे डिझायनरला सरळ विचारा.

बसून एक यादी करा. गणपतीत जास्तीत जास्त किती पानं उठतात, मोदकपात्र केवढं, सगळ्यात मोठं पातेलं कुठल्या सिंकमध्ये मावायला हवं. आमचं मोदकपात्र ताईंनी स्वतः मोजलं आणि सिंक त्याहून दोन इंच मोठं घेतलं. तांदूळ, कुळीथ, कोकम, मीठ वर्षाचं भरता की महिन्याचं? घरात वयस्क कोण, गुडघे कुणाचे दुखतात? ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच ठेवतात, पण खरं माप रोज रांधणाऱ्या बाईचं. तिला कोपर दुमडून उभं करा आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली रेघ मारा. आमच्या घरी ती रेघ 31 इंचांवर आली.

नकाशा नीट हातात घ्या

थ्रीडी चित्र बघून भुलायला होतं. मीही भुलले होते. थ्रीडीत भिंत कोरडी असते आणि ओट्यावर एक लिंबांची वाटी असते, बस्स. कामाला लागतात ते वेगळे कागद : मापांसह आराखडा, प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं चित्र, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचा नकाशा, विजेच्या पॉइंटांचा नकाशा, आणि कामांची परिमाणवार यादी. ही यादी कंत्राटदार ‘बीओक्यू’ म्हणतात. त्यात ‘चांगल्या प्रतीचं प्लाय’ असं लिहिलेलं चालत नाही. प्रकार, जाडी, ब्रँड, किती चौरस फूट, दर, हे सगळं हवं. ‘समकक्ष’ हा शब्द दिसला तर तो खोडून तिथे दुसरा ब्रँड लिहून घ्या.

पाइपांचा नकाशा मी सगळ्यात आधी उलगडते. गावात ड्रेनेज नाही, त्यामुळे प्रत्येक थेंब कुठे जाणार ते आपल्यालाच ठरवायचं असतं. संडासाचं पाणी सेप्टिक टँककडे. शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फूट लांब हवा, शेजाऱ्यांच्या विहिरीपासूनही. आणि विहीर उताराच्या खालच्या अंगाला नको. स्वयंपाकघराचं आणि आंघोळीचं पाणी वेगळ्या पाइपानं काढलं तर ते माडा-केळींना जातं. हे दोन पाइप एकदा एकत्र झाले की फरशी फोडल्याशिवाय वेगळे होत नाहीत. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला जाळी हवीच. पावसात त्यातून काय काय आत येतं ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

भिंत, फळी, नळ

जांभा सच्छिद्र असतो. त्यात पाणी मुरतं आणि खिळा नीट धरत नाही. साध्या प्लगवर भरलेलं कपाट टांगलं की सहा महिन्यांत भिंतीचा चुरा होऊन ते पुढे झुकतं. एक तर आरपार बोल्ट किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट), नाहीतर भार जमिनीवरून उचलायचा. आम्ही ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि कप्पे केले. त्यावर दारं तेवढी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची. पाणी सांडलं तरी काळजी नाही, आणि वाळवीला खायला काही नाही. प्लाय वापरायचंच तर आयएस 710 या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घ्या, शिक्का प्रत्येक फळीवर बघा. चाचणीत ते 72 तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. आयएस 303 एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारं प्लाय बैठकीच्या खोलीत ठीक. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या, समुद्राकाठच्या स्वयंपाकघरात नकोच, कितीही स्वस्त मिळाले तरी. भिंत फोडून पाइप घालताना चिरा ढासळतो, म्हणून झिरी कटरनंच मारायला सांगा, छिन्नी-हातोडीनं नको.

चिपळूण, महाड, राजापूर अशा पाणी भरणाऱ्या गावांत घर असेल तर नकाशावर पुराची रेघही मारून घ्या. 22 जुलै 2021ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना ती कुठे मारायची ते पाठ आहे. त्या रेघेखाली दगड, टाइल आणि स्टील, विजेचे प्लग सगळे वर.

खाऱ्या हवेत स्टीललाही डाग पडतात. सिंक, टोपल्या, बिजागऱ्या किमान 304 ग्रेडच्या मागा. 202 ग्रेड दिसायला तसंच असतं, पण किनाऱ्यावर लवकर गंजतं. विहिरीचं पाणी मचूळ किंवा लोहयुक्त असेल तर ते डिझायनरला आधी तपासून घेऊ द्या. आमच्या मागच्या मोरीला साधे पीटीएमटीचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) नळ आहेत, आजवर एकही बदलावा लागला नाही. ओट्याला मार्बल नको. कोकमाचं आगळ सांडलं की आंबटपणानं मार्बल खरवडल्यासारखा होतो आणि तो डाग जात नाही. ग्रॅनाइटला काही होत नाही.

आता दाबाचं. कॅटलॉगमधला मोठा शॉवर पाहून मन जातं, पण टाकी नळापासून दहा फूट उंच असेल तर पाण्याचा दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. बरेच शॉवर आणि डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा व्हॉल्व्ह) त्याहून जास्त दाब मागतात. विकत घेण्याआधी खोक्यावरचा आकडा वाचा. वेगळा पंप बसवला तर तो विजेवर चालणार, हेही धरा.

वीज : गीझरला वेगळी तार आणि 16 अँपिअरचा पॉइंट, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग मे महिन्यात तपासून घेणं, कारण कोरड्या जमिनीत ते कमकुवत होतं. यात काटकसर नको. गॅस सिलिंडर बंद कपाटात ठेवणार असाल तर कपाटाला अगदी तळाशी जाळी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो.

न्हाणीघर

जुनं न्हाणीघर घराबाहेर होतं, तांब्याचा बंब, काळी फरशी आणि दगडी डोण. सासऱ्यांना रात्री पावसातून तिकडे जावं लागू नये म्हणून ते आत आणलं. न्हाणीघर घरात आणलं की ओलही घरात येते, आणि डिझायनरची खरी परीक्षा इथे होते.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स लावण्याआधी, जाळी बंद करून पाणी भरून ठेवा. किमान 48 तास. पातळीला पेन्सिलनं खूण करा आणि बाहेरच्या बाजूनं भिंतीचा पाया बघत राहा. मिस्त्री म्हणेल, चोवीस तास पुरे, टाइल्सवाला उद्या येतोय. थांबवा त्याला. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यात ओल उमटली, पाइपाच्या कडेला एक फट राहिली होती. ती त्या वेळी एका दुपारीत बुजली. टाइल्स लागल्यावर सापडली असती तर सगळी फरशी उखडावी लागली असती.

उतार फुटभर अंतराला तीन-चार मिलिमीटर, सगळा जाळीच्या दिशेनं. टाइल्स बसवल्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा, कुठे थबकतं का. टाइल्स खरबरीत, लहान मापाच्या, सांध्यात इपॉक्सी ग्राउट. चौकट लाकडाची नको, ग्रॅनाइटची. दार बाहेर उघडणारं ठेवा म्हणजे आत कुणी पडलं तरी मदतीला जाता येतं. कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी धरायला दांडे लावायचे असतील तर ती जागा आधी ठरवा. चिऱ्यात दांडा पक्का बसायला त्या जागी आतून काँक्रीट भरावं लागतं. सासऱ्यांच्या दांड्याची उंची ताईंनी त्यांना स्टुलावर बसवून घेतली, “दादा, आता उठा, हात कुठे जातो बघू.” हात गेला तिथे खूण.

खिडकी वाऱ्याच्या आडोशाला, वर एक्झॉस्ट. सोलर हीटर असला तरी गीझरचा पॉइंट ठेवाच, आषाढात सोलर पाणी तापवत नाही.

पैसे आणि करार

डिझायनरची फी कुणी चौरस फुटावर घेतं, कुणी एकूण कामाच्या टक्क्यात, कुणी ठरावीक रक्कम. मला ठरावीक रक्कम बरी वाटते, खर्च वाढला म्हणून फी वाढत नाही. करारात स्पष्ट असावं : किती वेळा साइटवर येणार, नकाशात किती वेळा बदल फीमध्ये धरलेले आहेत, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, 18 टक्के जीएसटी धरून की वेगळा. माल तेच आणणार असतील तर दुकानदाराची बिलं तुमच्या नावावर मागा.

कंत्राटदाराला हप्ते तारखांवर देऊ नका, कामावर द्या : तोडफोड आणि पाइप झाले, पाणी भरून चाचणी झाली, फरशी झाली, कपाटं बसली. शेवटचे दहा टक्के पहिल्या पावसात काम टिकल्यावर. हे आधीच करारात लिहा, ऐनवेळी सांगितलं तर वाद होतो. ताईंनी स्वतःच्या फीतलाही एक हप्ता पावसावर ठेवला होता, तेव्हाच मला त्यांच्यावर भरवसा बसला.

काम चालू असताना

गावी कुणी नसेल तर रोज संध्याकाळी व्हिडिओ मागवा, आणि पाइप-वायर भिंतीत बुजण्याआधी टेप धरून फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना तेच फोटो उघडावे लागतात. बदल सुचला तर थेट गवंड्याला सांगू नका. गवंडी भला माणूस असतो, वहिनींनी सांगितलं म्हणून लगेच करून टाकतो, आणि मग सुताराचं माप चुकतं. डिझायनरला सांगा, त्यांना लिहून पाठवू द्या. टाइल्स दहा टक्के जादा आणा. तीच छटा पुढच्या खेपेत मिळत नाही. उरलेल्या माळ्यावर ठेवा, खोक्यावरच्या नंबरासकट.

काम चालू असेपर्यंत स्वयंपाक कुठे करायचा हेही डिझायनरसोबत ठरवा. आम्ही पडवीत चूल आणि एक शेगडी मांडली होती, म्हणून मागची मोरी सगळ्यात आधी बांधून घेतली.

पहिली झड

मृग लागून दोन-तीन जोरदार सरी होऊन गेल्या की डिझायनरला पुन्हा घरी बोलवा. जुलैतल्या खडूच्या रेघांचे फोटो हाताशी असू द्या. त्याच भिंतींना त्याच जागी तळवा लावा. प्रत्येक कपाट उघडून मागे बॅटरी मारा, सिंकखाली कोरडा कागद पसरून रात्रभर ठेवा, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीचा पाया बघा, सगळे नळ एकदम सोडून सांडपाणी किती वेळात जातं ते पाहा. जे सापडेल ते तिथल्या तिथे लिहा, तारीख घाला, दोघांनी सही करा. ते दुरुस्त झालं, आणखी एक झड येऊन गेली, आणि सकाळी कागद कोरडाच निघाला, की राहिलेले दहा टक्के देऊन टाका.